पावलांची मोजदाद आणि धर्मविचार

कमरेच्या पट्ट्याला चिमट्याने अडकवायचा पेडोमीटर काडेपेटीहून फारसा मोठा नसतो. त्याच्या जुन्या, साध्या प्रकारात एक आडवी दांडी बारीक स्प्रिंगवर तोललेली असते. चालणाऱ्याची कंबर प्रत्येक पावलासरशी किंचित वर-खाली होते. त्या झटक्याने दांडी हलते, विजेचा संपर्क जुळतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. नव्या प्रकारांत दांडीच्या जागी त्वरण मोजणारा सूक्ष्म घटक असतो, पण तत्त्व तेच राहते. यंत्र मांडीच्या मध्यरेषेवर सरळ उभे बसवावे लागते. पोट सुटलेल्या माणसाच्या कमरेवर ते पुढे कलते आणि मोजणी चुकते. संथ चालणाऱ्याचा झटका त्याला पुरेसा जाणवत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावरून बस जात असली, तर जागेवर बसलेल्या प्रवाशाच्या नावावरही ते पावले जमा करत राहते.

या यंत्राला घराघरांत नेले ते जपानने. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे व्यायामाची लाट आली आणि १९६५ मध्ये यामासा या घड्याळाच्या कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, बाजारात आणले. दिवसाला दहा हजार पावलांचे उद्दिष्ट जगभर पसरले ते या नावामुळे. त्याच्या मागे तेव्हा मोठा वैद्यकीय अभ्यास नव्हता. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाण स्पष्टपणे कमी दिसले, आणि साधारण ७,५०० च्या पुढे हा लाभ वाढेनासा झाला. दहा हजार हा आकडा निसर्गाने घालून दिलेला नाही, एवढे यावरून दिसते. तरी तो लक्षावधी लोकांच्या दिवसाची चौकट ठरवतो.

म्हैसूरमध्ये पायी फिरणाऱ्यांची दोन ठिकाणे ठरलेली आहेत. एक म्हणजे कुक्करहळ्ळी केरे, मुम्मडी कृष्णराज वडेयरांच्या काळात १८६४ मध्ये बांधलेला तलाव. आज तो विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसराला लागून आहे आणि त्याच्या काठच्या झाडीतल्या पायवाटेवर सकाळ-संध्याकाळ लोक फेऱ्या मारतात. दुसरे ठिकाण चामुंडी टेकडी. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या चामुंडेश्वरीच्या देवळाकडे जाणारी पायऱ्यांची वाट सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयरांनी बांधवली. पायऱ्यांची संख्या परंपरेने १,००८ सांगतात. सातशे-आठशे पायऱ्या चढून गेल्यावर एका अखंड शिळेतला प्रचंड नंदी लागतो. आषाढातल्या शुक्रवारी इथे विलक्षण गर्दी असते, आणि काही भाविक स्त्रिया प्रत्येक पायरीला वाकून हळदीकुंकू लावत वर जातात. आषाढ महाराष्ट्रात वारीचा आणि म्हैसूरमध्ये या चढणीचा. दोन्हीकडे तो चालण्याचा महिना आहे.

तलावाभोवती फिरणारा आणि टेकडी चढणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. त्याच्या कमरेचे यंत्र दोन्ही पावले सारखीच मोजते. टेकडीची चढण आणि उतरण मिळून दोन हजारांच्या आसपास पायऱ्या होतात; दहा हजारांच्या हिशेबात हा जेमतेम पाचवा हिस्सा. छाती भरून येईपर्यंत केलेली चढण यंत्राच्या दृष्टीने बाजारातल्या एका फेरफटक्याहून लहान ठरते. पायरीला हळदीकुंकू लावणारी स्त्री तर थांबत थांबत चढते, तिची काही पावले नोंदलीही जात नसतील. इथे एक जुना धर्मप्रश्न नव्या रूपात उभा राहतो. चालणे जेव्हा सेवा असते, व्रत असते, तेव्हा ते मोजल्याने त्याचे मोल उणावते का? आणि मोजलेल्या आकड्याचे नंतर करायचे काय?

आधी यंत्राला नेमके काय कळते हे पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी न्यायशास्त्राइतके नेटके साधन दुसरे नाही. यंत्र पाऊल पाहत नाही. त्याला झटका जाणवतो आणि त्यावरून ते पावलाचे अनुमान करते. झटका हा हेतू, पाऊल हे साध्य. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असे म्हणावे, तसेच हे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकलेला विद्यार्थी लगेच विचारील की व्याप्ती, म्हणजे हेतू असेल तिथे साध्य असतेच हा नियम, पक्की आहे का. बसमधल्या प्रवाशाच्या बाबतीत हेतू आहे आणि साध्य नाही, म्हणून हा हेतू सव्यभिचार ठरतो आणि अनुमान मोडते. काठी टेकत संथ चालणाऱ्या आजींच्या बाबतीत मात्र उलट घडते: साध्य आहे, हेतू नाही. नैयायिक यासाठी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला देतात. गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो; पण त्याने धुरावरून अग्नी ताडण्याला बाध येत नाही, फक्त धूर नसला म्हणून अग्नीच नाही असे म्हणता येत नाही. दोन्ही चुका वरून सारख्या दिसतात, पण पहिली अनुमानाचा दोष आहे आणि दुसरी केवळ त्याचे मौन. यंत्रावर शून्य दिसले म्हणून कोणी चालले नाही असा निष्कर्ष काढणे हा यंत्राचा दोष नसतो, तो निष्कर्ष काढणाऱ्याचा असतो. कमी आकडा पाहून खंतावणाऱ्या वृद्ध माणसांना हा भेद कोणी तरी समजावून सांगायला हवा.

लोटांगण घालत देवापर्यंत जाणाऱ्याचे उदाहरण याहून टोकाचे आहे. तो सगळी वाट आपल्या देहाने मापतो, आणि त्याच्या कमरेचे यंत्र जवळपास गप्पच राहील. चालण्यामागचा उद्देश, श्रद्धा, कष्ट यांचे कोणतेच चिन्ह झटक्यात उमटत नाही. म्हणून धर्माच्या अंगाने पेडोमीटरवर ‘तो भक्ती मोजू पाहतो’ असा आरोप करणे अन्यायाचे आहे. त्याचा तसा दावाच नाही. प्रश्न उरतो तो आकडा हाती आल्यावर माणसाच्या मनात काय होते, हा.

मोजणी भक्तीला परकी आहे असे समजणाऱ्याने जपमाळ हातात घेऊन पाहावी. एकशे आठ मणी आणि वर मेरुमणी. जप करणारा मेरू ओलांडत नाही. तिथवर येऊन माळ उलटी फिरवतो. पुरश्चरणात, म्हणजे ठरावीक संख्येच्या जपानुष्ठानात, तर मंत्राच्या प्रत्येक अक्षरामागे एक लक्ष जप धरतात. चोवीस अक्षरांच्या गायत्रीचे पुरश्चरण चोवीस लक्षांचे. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळी येथे बारा वर्षांत तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. चातुर्मासात लक्ष वाती, लक्ष फुले, लक्ष प्रदक्षिणा यांची व्रते मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. लक्ष प्रदक्षिणा म्हणजे उघड उघड पावलांचीच मोजणी. फक्त एकक पाऊल नसून फेरी.

या मोजणीच्या रीती बारकाईने पाहिल्या की एक विचारपूर्वक रचलेली शिस्त दिसते. मेरुमणी सांगतो की आकड्याला काठ आहे. गोमुखीची पद्धत त्याहून बोलकी आहे. जप करणाऱ्याचा हात आणि माळ त्या पिशवीत झाकलेली असते, म्हणजे शेजाऱ्याला किती मणी सरले ते दिसत नाही, आणि खुद्द जपणाऱ्यालाही उरलेले मणी डोळ्यांनी पाहता येत नाहीत. बोटांना कळते, डोळ्यांना कळत नाही. पावलांचे आकडे मित्रमंडळींत रोज संध्याकाळी जाहीर करायच्या आजच्या प्रथेच्या हे नेमके विरुद्ध आहे. एकमेकांच्या चढाओढीने चार माणसे घराबाहेर पडत असतील तर आरोग्याच्या दृष्टीने ते चांगलेच. पण जे साधनेचे चालणे आहे, ते गोमुखीत राहिलेले बरे. परंपरेने जप झाकला तो लाजेने नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत आपला आकडा पाहण्याचा मोह किती लवकर लागतो, हे तिला ठाऊक होते.

सर्वांत अर्थपूर्ण रीत सोमवती अमावास्येची आहे. सोमवारी अमावास्या आली की पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या आणि प्रत्येक फेरीला एक वस्तू ठेवायची: फळ, सुपारी, गोड पदार्थ, ज्याला जे जमेल ते. मोजणी त्या वस्तूंनीच होते. शंभरावर आठ झाल्या की फेऱ्या संपल्या. मग त्या सगळ्या वस्तू देऊन टाकायच्या, ब्राह्मणाला, सुवासिनींना, आल्यागेल्याला. आकडा ज्या वस्तूंनी बनला त्या वस्तूच हातावेगळ्या होतात, आणि व्रत करणारीजवळ हिशेबाचा पुरावा म्हणून काही उरत नाही. मोजणीचे साधन हेच दान होते. धर्माने मोजदादीचा प्रश्न किती खोलवर हाताळला आहे, हे या एका व्रतात जितके दिसते तितके मोठ्या ग्रंथांतही क्वचित दिसेल.

जपमाळेचे मोजण्याचे सामर्थ्य मात्र दुसऱ्याच एका कामासाठीही वापरले गेले, आणि त्या कथेची सुरुवात म्हैसूरजवळच होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला, आणि त्या मोहिमेत असलेला विल्यम लॅम्बटन हा अधिकारी द्वीपकल्पाच्या मोजणीची योजना घेऊन पुढे आला. १८०० मध्ये बेंगळुरूजवळ त्याने आपली पहिली आधाररेषा मोजली. पुढे यातूनच भारताची महात्रिकोणमितीय पाहणी उभी राहिली. साठेक वर्षांनी ही पाहणी हिमालयापलीकडे पोहोचली तेव्हा तिबेट गोऱ्या अधिकाऱ्यांना बंद होते. मग कुमाऊंमधल्या नैनसिंग रावतांसारख्या पंडितांना ठरावीक लांबीचे पाऊल टाकून चालण्याचे आणि पावले मोजण्याचे शिक्षण देण्यात आले. १८६६ च्या जानेवारीत नैनसिंग यात्रेकरूच्या वेषात ल्हासाला पोहोचले. त्यांच्या हातात माळ होती, पण तिच्यात एकशे आठऐवजी शंभर मणी होते. शंभर पावलांमागे एक मणी सरकवायचा. पूर्ण माळ फिरली की दहा हजार पावले. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात दडवलेले असत. जपानी कंपनीच्या शंभर वर्षे आधी दहा हजारांचा हा फेरा एका भारतीयाच्या पायांनी पुरा केला होता.

नैनसिंगांचे धैर्य आणि चिकाटी यांना तोड नाही. पण धर्मविचाराच्या दृष्टीने त्यांच्या माळेत काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. आठ मणी कमी झाले, आणि मोजणीची दिशा फिरली. जपात मणी आत वळवतो, मन नामाकडे आणतो. नैनसिंगांच्या हातात तो बाहेरच्या जमिनीचा हिशेब ठेवू लागला. बाहेरून पाहणाऱ्या पहारेकऱ्याला फरक दिसत नव्हता, म्हणून तर ती युक्ती साधली. पेडोमीटर वंशाने या दुसऱ्या माळेचा आहे. तो पहिल्या माळेसारखा वापरता येईल का, हा खरा विचाराचा विषय.

याचे एक उत्तर म्हैसूरच्याच योगशाळांत सापडते. तिरुमलै कृष्णमाचार्य १९३३ पासून नाल्वडी कृष्णराज वडेयरांच्या आश्रयाने जगनमोहन राजवाड्यात योग शिकवत. त्यांचा ‘योगमकरंद’ १९३४ मध्ये कन्नडमध्ये निघाला. त्यांचे शिष्य के. पट्टाभि जोइस यांनी म्हैसूरच्या संस्कृत पाठशाळेत आणि नंतर स्वतःच्या शाळेत जी पद्धत रुजवली, तिच्यात प्रत्येक हालचालीला संस्कृत अंक असतो. पहिल्या सूर्यनमस्काराचे नऊ विन्यास. गुरू अंक उच्चारतो आणि त्या अंकावर श्वास घेतला किंवा सोडला जातो. इथे आकडा साठत नाही. नवापर्यंत जातो आणि पुन्हा एकवर येतो. दिवसभरात किती विन्यास झाले याची बेरीज कोणी करत नाही, कारण अंकाचे काम श्वास आणि शरीर यांना एकत्र बांधण्याचे आहे आणि ते त्या क्षणीच संपते.

हाच विचार पंधराशे वर्षांपूर्वी बुद्धघोषाने ‘विशुद्धिमार्गा’त शास्त्रशुद्ध मांडला. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेले आणि गृहत्याग करून ज्ञानासाठी देशोदेशी भटकलेले धर्मानंद कोसंबी यांनी या पाली ग्रंथाचे संपादन केले, म्हणून मराठी अभ्यासकाला तो जवळचा. श्वासावरील ध्यानात नवख्याने श्वास मोजावेत, असे तिथे सांगितले आहे. मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पलीकडे नेऊ नये. दहाच्या पुढे का नाही? कारण मग चित्त श्वास सोडून आकड्याचाच आधार घेते. आणि मोजल्यावाचून चित्त श्वासावर टिकू लागले की मोजणी सोडून द्यायची. ध्यानाच्या पायऱ्यांत गणना पहिली आहे. ती ओलांडायची म्हणूनच आहे. बौद्ध परंपरेत चंक्रमण, म्हणजे आखलेल्या वाटेवर सावधपणे येरझाऱ्या घालणे, ही स्वतंत्र साधना आहे. बोधीनंतर बुद्धाने जिथे असे चंक्रमण केले असे मानतात, ती जागा बोधगयेत आजही दाखवतात. पाय उचलला, पुढे नेला, टेकवला याचे भान हे तिथले साध्य. त्या भानाला एका पावलाहून मोठा आकडा लागत नाही.

बुद्धघोषाची ही कसोटी पेडोमीटरला लावता येते. पंधरा दिवस यंत्र लावून आपण किती बसून राहतो हे ध्यानात आले आणि चालण्याची सवय जडली, तर गणनेचे काम झाले. त्यानंतरही दर शंभर पावलांनी कमरेकडे हात जात असेल, तर चित्ताने आकड्याचा आधार घेतला आहे आणि चालणे सुटले आहे. कुक्करहळ्ळीच्या तलावावर पाणपक्षी उतरत असताना नजर कमरेवरच्या अंकांत अडकावी, ही हानी यंत्राच्या कोणत्याही रकान्यात नोंदली जात नाही.

भक्तिपरंपरांनी मोजणीवर टीकाही केली आहे आणि ती बाजूला सारता येत नाही. बाराव्या शतकात कल्याणच्या बसवण्णांनी देहालाच देऊळ आणि पायांनाच खांब म्हटले. उभे केलेले ढासळते, चालते-फिरते टिकते, असे त्यांचे म्हणणे. म्हैसूरच्या धार्मिक जीवनात सुत्तूर मठामुळे वीरशैव विचाराचे स्थान मोठे आहे, आणि या विचारापुढे पाऊल हेच पूजास्थान ठरते. त्याचे मोल किती वेळा ते टाकले यावर अवलंबून राहत नाही. ज्ञानेश्वरांच्या नावाने म्हटला जाणारा हरिपाठ तर नाम घेणाऱ्याच्या पुण्याची मोजदाद करायला कोण बसणार, असे विचारून तो विषयच निकालात काढतो. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर वारकरी टाळांच्या ठेक्यावर चालतो. पाऊल दिंडीचे असते, एकट्याचे नसते. अर्थात वारकरीही मोजतो: किती वर्षे वारी चुकली नाही, हे घराण्याच्या अभिमानाने सांगितले जाते. पण त्या आकड्यात ‘माझ्याकडून किती झाले’ यापेक्षा ‘त्याने किती वेळा बोलावले’ हा सूर असतो, आणि वारीला वर्षाला येणारा एकच अंक खाली-वर करता येत नाही.

जैन विचार या प्रश्नाकडे अनपेक्षित बाजूने येतो. म्हैसूरच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर श्रवणबेळगोळ आहे. गंग राजाचा मंत्री चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस तिथे बाहुबलीची मूर्ती उभारली, आणि तिच्या पायाशी कोरलेल्या लेखांत मराठीच्या अगदी जुन्या ओळींपैकी एक आहे. सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून गेल्यावर समोर जी मूर्ती दिसते ती पाऊल थांबवलेल्या माणसाची आहे. वेली अंगावर चढेपर्यंत तो हललेला नाही. जैन श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत ही दोन व्रते चालण्याशी निगडित आहेत. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा दिग्व्रतात आयुष्यभरासाठी आणि देशव्रतात थोड्या काळासाठी ठरवायची आणि तिच्या पलीकडे पाऊल टाकायचे नाही, कारण प्रत्येक पावलाखाली जीव असू शकतो. मुनीने तर पुढची चार हात जमीन पाहूनच पाऊल ठेवावे. दहा हजारांचे उद्दिष्ट सांगते की इतके तरी झालेच पाहिजे. दिग्व्रत सांगते की इतक्याहून अधिक नाही. पावले मोजण्याचे हे दुसरे कारण आधुनिक यंत्रांच्या कल्पनेतही नाही. मुंग्यांची रांग ओलांडताना जपून टाकलेले पाऊल आणि बेफिकिरीने टाकलेले पाऊल यांत जैन विचाराला जो जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, तो मान्य केल्यावाचून पावलांचे नीतिशास्त्र पुरे होत नाही.

आयुर्वेदाची भूमिका मधली आहे, आणि मधुमेहामुळे यंत्र लावलेल्या असंख्य लोकांना ती जवळची वाटेल. देहाला फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बळ, बुद्धी आणि अग्नी वाढवते, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा आणि ती मर्यादा घाम, श्वास अशा शरीराच्या खुणांवरून ओळखावी, असा संकेत आहे. म्हणजे प्रत्येकाचा काठ त्याच्या देहात आहे. पंचविशीच्या तरुणाला आणि सत्तरीच्या आजोबांना एकच आकडा लागू होत नाही. २०१९ चा अमेरिकी अभ्यास याच दिशेने गेला आहे. मात्र प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुत स्वतःच एक मोठा आकडा सांगतो. ज्याच्याजवळ धन नाही, आप्त नाहीत, अशा रुग्णाने वहाणा आणि छत्री न घेता, भिक्षा मागून, एका गावात एकच रात्र राहून, मुनीसारखा मन आवरून शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. योजनाचे माप ठिकाणपरत्वे बदलते, पण कोणत्याही हिशेबाने हे अंतर शेकडो किलोमीटरांचे होते. इथे वैद्याने रुग्णाला नुसता आकडा दिलेला नाही. त्या आकड्याभोवती अपरिग्रह, भिक्षा आणि संयम यांचे सबंध जीवन दिले आहे. औषध म्हणून चालणे आणि संन्याशाचे चालणे यांत त्याला भिंत दिसली नाही. आज आकडा तेवढा उचलला जातो आणि भोवतालचे जीवन मागे राहते, मग आकडा एकटा पडतो आणि काही आठवड्यांत यंत्र कपाटात जाते.

या सर्वांच्या मुळाशी कर्तेपणाचा प्रश्न आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात तत्त्व जाणणारा माणूस पाहताना, ऐकताना, चालताना आपण काहीच करत नाही असे जाणतो, असे सांगितले आहे. पेडोमीटरचा आकडा याच्या उलट सांगतो: हे तू केलेस, इतके केलेस. म्हणून यंत्र फेकून द्यावे का? म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले एम. हिरियण्णा यांनी १९३२ च्या आपल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात गीतेचे तात्पर्य कर्माचा त्याग असे न मानता कर्मातला त्याग असे मानले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा रोखही कर्म न सोडण्याकडे आहे. या दृष्टीने मोजणी सोडण्याची गरज नाही. सोडायची ती आकड्यावरची मालकी. व्रताला आरंभी संकल्प असतो आणि शेवटी फळ ईश्वराला अर्पण करतात. संकल्पाने आकडा हाती घेतला जातो, अर्पणाने तो हातून जातो, आणि मधल्या वेळात मन चालण्याकडे मोकळे राहते. यंत्रही मध्यरात्री शून्यावर येते, पण ते शून्य आपोआप येते, त्यात कोणाचे देणे नसते. उलट कालचा आकडा स्मृतीत जपून ठेवलेला असतो. सकाळी मनाशी ठरवून यंत्र लावावे, वाटेत पाहू नये, रात्री एकदा पाहून तो आकडा देवाच्या पायाशी ठेवावा आणि कोणाला सांगू नये, एवढे केले तरी नैनसिंगांची माळ पुन्हा जपाची होऊ शकते. हे अशक्यप्राय नाही. सोमवतीच्या फेऱ्या घालणाऱ्या स्त्रिया हे कोणत्याही शास्त्राचा आधार न विचारता करत आल्या आहेत.

एक प्रश्न अजून राहतो, तो दुसऱ्यासाठी चालण्याचा. आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिचा चामुंडीच्या पायऱ्यांचा नवस आहे, आणि मुलगा तिच्या वतीने चढतो. मीमांसेत जैमिनीने यज्ञाच्या मुख्य यजमानाला प्रतिनिधी नाकारला आहे; द्रव्य बदलता येते, ऋत्विज बदलता येतो, यजमान बदलता येत नाही. व्रतांच्या बाबतीत मात्र धर्मशास्त्राच्या पुढच्या निबंधकारांनी मोकळीक दिली. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याची चर्चा आहे: अशक्त माणसाच्या वतीने पुत्र, पत्नी, बंधू, पुरोहित यांनी व्रत करावे आणि ते संकल्प करणाऱ्याचे मानावे. मीमांसकांचा दृष्ट आणि अदृष्ट फळांचा भेद इथे उपयोगी पडतो. चढणीने मुलाच्या पोटऱ्या भरतात, श्वास सुधारतो, साखर उतरते. हे दृष्ट फळ ज्याच्या देहाने चढण केली त्यालाच मिळते, ते आईला देता येत नाही. नवस फेडल्याचे अदृष्ट फळ संकल्पाबरोबर जाते आणि अंथरुणावरच्या आईला पोहोचते. त्या संध्याकाळी मुलाच्या कमरेवरचा आकडा या दोन फळांपैकी पहिल्याचाच दाखला असतो. दुसऱ्याची नोंद आईजवळ असते, ज्या अंगाऱ्याची पुडी तो वरून घेऊन आला तिच्यात.